संसारातला ‘च’

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला व्याकरण शिकवताना ‘च’पाशी मी दर वर्षी थोडी रेंगाळते. व्याकरणाच्या पुस्तकांत त्याची नोंद ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय’ अशी असते आणि परीक्षेपुरते तेवढे पुरतेही. पण फळ्यावर ‘तू उशिरा येतोस’ आणि त्याखाली ‘तू नेहमीच उशिरा येतोस’ ही दोन वाक्ये लिहिली की वर्गात हशा पिकतो. पहिल्या वाक्यात तक्रार आहे, दुसऱ्यात निकाल. पहिल्यावर उत्तर देता येते, दुसऱ्यावर फक्त अपील करता येते. मुलांना हे समजावून सांगावे लागत नाही, कारण दुसरे वाक्य त्यांनी आपापल्या घरी स्वयंपाकघराच्या दारातून शेकडो वेळा ऐकलेले असते.

तीनेक वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. लग्नाला चार वर्षे झालेली, नोकरी करणारी. नवऱ्याशी पटत नव्हते म्हणून ती एका समुपदेशन केंद्रात जात होती. बोलता बोलता तिने पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते : प्रसंग, मनात आलेला विचार, पर्यायी विचार. एका पानावर होते : ‘दुपारी फोन उचलला नाही. – मला टाळतोच आहे. – मीटिंगमध्ये असेल, संध्याकाळी विचारीन.’ वाचून बरे वाटले. दोन पाने उलटल्यावर मात्र हे दिसले : ‘माझे एटीएम कार्ड सासूबाईंच्या कपाटात असते, पैसे मागून घ्यावे लागतात. – यांचा माझ्यावर विश्वासच नाही. – मोठ्यांना घराची काळजी असते, त्यांचा हेतू चांगला आहे.’ तिसरा रकाना समुपदेशकांनी सुचवून लिहून घेतलेला होता. तिने विचारले, “मॅडम, हा शेवटचा रकाना खरा आहे, की मी स्वतःला फसवते आहे?”

मी मराठीची प्राध्यापिका. मानसशास्त्राशी माझा संबंध समीक्षेपुरता. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही. पण ते तीन रकाने कुठून आले, कोणी आखले, त्यांत काय लिहायचे असे आखणाऱ्यांना अभिप्रेत होते, याचा शोध घेत गेले आणि एका उपचारपद्धतीचा विलक्षण इतिहास हाती लागला. तिला सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. नैराश्य आणि भीती यांवरची उपचारपद्धती म्हणून तिची ख्याती आहे. नवरा-बायकोच्या भांडणात ती कशी शिरली आणि तिथे तिची काय परीक्षा झाली, याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही.

या इतिहासाच्या आधीचे एक पान पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेत विवाह-समुपदेशन हा व्यवसाय म्हणून रूढ करणाऱ्यांत पॉल पोपेनो यांचे नाव घेतले जाते. १९३० साली त्यांनी लॉस एंजेलिस येथे कौटुंबिक संबंधांविषयीची संस्था स्थापन केली. गृहस्थांचे शिक्षण मानसशास्त्राचे नव्हते. तरुणपणी ते खजुराच्या झाडांचे तज्ज्ञ होते आणि १९१३ साली खजुराच्या लागवडीवर त्यांनी पुस्तक लिहिले होते. पुढे ते सुप्रजननशास्त्राकडे वळले, ‘अयोग्य’ माणसांच्या नसबंदीचे हिरिरीने समर्थन करू लागले. ‘योग्य’ माणसांनी लग्न करावे आणि ते टिकवावे, ही त्याच विचाराची दुसरी बाजू. खजुराच्या बागेतून माणसांच्या वंशवेलीकडे आणि तिथून दिवाणखान्यातील भांडणांकडे हा प्रवास मला तरी अंगावर काटा आणणारा वाटतो. १९५३पासून एका अतिशय खपाच्या स्त्रियांच्या मासिकात त्यांच्या संस्थेतील प्रकरणांवर आधारित सदर सुरू झाले. त्यात आधी पत्नीची बाजू, मग पतीची बाजू, शेवटी समुपदेशकाचे मत. हे विवाह वाचवता येतील का, हा त्या सदराचा प्रश्न होता आणि वाचवण्याची जबाबदारी बहुधा मासिक वाचणारीवर, म्हणजे पत्नीवर, येऊन पडे. आपल्याकडे ‘जमवून घे’ हे सांगायला मासिकाची गरज कधी पडली नाही. मावश्या, आत्या, शेजारच्या काकू हे काम विनामूल्य करीत आल्या आहेत. तेव्हा वहीतल्या तिसऱ्या रकान्याची मला जी धास्ती वाटली, ती निराधार नव्हती. दांपत्य-समुपदेशनाच्या पाळण्यातच हा दोष होता.

पोपेनोंची परंपरा ज्यांनी मोडली त्यांत अल्बर्ट एलिस अग्रभागी होते. त्यांचा जन्म १९१३चा. कोलंबिया विद्यापीठातून १९४७ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, त्याच्या आधीपासूनच ते न्यूयॉर्कमध्ये विवाह आणि लैंगिक जीवन यांविषयी सल्ला देत होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. बोधात्मक उपचारांचा उगम केवळ नैराश्याच्या रुग्णांपाशी झालेला नाही. त्याचा एक झरा भांडणाऱ्या जोडप्यांच्या खोलीत आहे. मधल्या काळात एलिस मनोविश्लेषण शिकले, करू लागले आणि कंटाळले. रुग्णाला आपल्या बालपणीच्या जखमा कळतात, तरी तो बायकोवर ओरडायचा थांबत नाही, असे त्यांना दिसले. १९५५ साली त्यांनी आपली स्वतंत्र पद्धती मांडली. आज ती आरईबीटी या नावाने ओळखली जाते आणि मराठीत तिला विवेकनिष्ठ वर्तनोपचार म्हणतात.

तिचे मर्म ग्रीक स्टोइकांचे आहे आणि एलिस ते मोकळेपणाने मान्य करीत. प्रसंग माणसाला थेट दुःखी करीत नाही. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये माणसाची एक समजूत उभी असते. ती समजूत इच्छेच्या रूपात असेल तर भावना सुसह्य राहते, आज्ञेच्या रूपात असेल तर ती माणसाला खाऊन टाकते. ‘नवऱ्याने माझे ऐकावे, अशी माझी इच्छा आहे’ ही इच्छा. ‘त्याने माझे ऐकलेच पाहिजे, नाहीतर ते भयंकरच आहे आणि तो माणूसच वाईट’ ही आज्ञा, भाकीत आणि निकाल एकत्र. इंग्रजीत एलिस यांना हा भेद दाखवण्यासाठी एका सहायक क्रियापदाचा आधार घ्यावा लागला. मराठीत तो एका अक्षरात आहे. त्यांना मराठी येत असते तर त्यांनी आपल्या सिद्धांताचे नाव ‘च-कार’ ठेवले असते, असे मी वर्गात गमतीने सांगते. १९५७ साली मनोविकारग्रस्त जोडीदाराबरोबर कसे राहावे यावर आणि १९६१ साली रॉबर्ट हार्पर यांच्यासह विवाहावर, अशी पुस्तके त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिली. त्यांत जोडप्याकडे पाहण्याची एक नवी रीत होती. भांडण सोडवण्याआधी दोघांनी आपापला संताप आणि हट्ट उतरवावा, मग उरलेल्या व्यावहारिक मतभेदांवर बोलावे. मतभेद उरतीलच, कदाचित विभक्तही व्हावे लागेल. पण ते शांत डोक्याने व्हावे. लग्न कोणत्याही किमतीला वाचवणे हे उद्दिष्ट येथे प्रथमच बाजूला सरले.

एलिस यांचा स्वतःचा संसार फारसा आदर्श नव्हता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. पहिला विवाह रद्दबातल झाला, दुसरा दोन वर्षांत संपला, नंतर जॅनेट वोल्फ यांच्याबरोबर विवाहाविना सदतीस वर्षांचे सहजीवन, आणि वयाच्या नव्वदीनंतर, २००४ साली, डेबी जॉफी यांच्याशी तिसरा विवाह. २००७ साली त्यांचे निधन झाले. हा तपशील चघळण्यासाठी देत नाही. विवाहाविषयी पावित्र्याची भावना नसलेल्या माणसाने विवाह-समुपदेशनाला मोकळा श्वास दिला, एवढेच.

महाराष्ट्राशी या कथेचा दुवा येथेच आहे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांचा एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. विवेकनिष्ठ वर्तनोपचार त्यांनी येथे आणला, शिकवला. डॉ. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. ठाण्याला १९९० साली आय.पी.एच. ही संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘विषादयोग’सारख्या पुस्तकातून हा विचार घरोघरी नेला. मराठी मध्यमवर्गात एलिस हे नाव आज जितके परिचित आहे, तितके ते खुद्द अमेरिकेतल्या मध्यमवर्गात असेल का, याची मला शंका आहे. त्यामागे कदाचित आगरकरांपासूनची बुद्धिवादाची मशागत असेल. कदाचित दुसरेही कारण असेल : प्रसंग बदलणे अवघड असलेल्या समाजाला विचार बदलण्याचे तंत्र लवकर आवडते. हे दुसरे कारण मला अस्वस्थ करते.

एलिस विचारांवर काम करीत असताना अमेरिकेतच दुसरा एक पंथ विचारांचे नावही घेत नव्हता. त्याला फक्त वर्तन दिसत होते. १९६९ साली रिचर्ड स्टुअर्ट यांनी चार जोडप्यांवरील उपचारांचा एक निबंध प्रसिद्ध केला. तो आज वाचताना हसावे की रडावे ते कळत नाही. बायकांची मुख्य तक्रार अशी होती की नवरे आपल्याशी बोलत नाहीत. स्टुअर्ट यांनी टोकनांची पद्धत घालून दिली. नवऱ्याने बायकोशी ठरावीक वेळ मनापासून संवाद केला की त्याला टोकन मिळे. पुरेशी टोकने साठली की त्यांच्या बदल्यात शारीरिक जवळीक. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखा हा हिशेब. आणि तरीही जोडपी अधिक बोलू लागली आणि अधिक सुखी झाली, असे निबंधात नोंदवले आहे. स्टुअर्ट यांचे गृहीतक मात्र उडवून लावण्यासारखे नव्हते. सुखी जोडपी एकमेकांना वारंवार लहानसहान सुखे देतात, दुःखी जोडपी शिक्षेने एकमेकांना वाकवू पाहतात. तेव्हा शिक्षेच्या जागी देवाणघेवाण आणली तर प्रेम मागोमाग येईल. पुढे त्यांनी टोकने टाकून दिली आणि रोज जोडीदारासाठी काही छोट्या, ठरवून घेतलेल्या आपुलकीच्या कृती करण्याचा परिपाठ सुचवला. चहाचा कप हातात आणून देणे, ‘पोचलीस का?’ एवढा फोन करणे. आमच्या आधीच्या पिढीतील पुरुषांना या दोन गोष्टी कोणी शिकवल्या असत्या तर कितीतरी संसारांचा ओलावा टिकला असता, असे वाटून जाते.

ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि रॉबर्ट वाइस यांनी जोडप्यांच्या संवादाचे बारकाईने निरीक्षण करण्याच्या पद्धती तयार केल्या. १९७९ साली नील जेकबसन आणि गेला मार्गोलिन यांनी या साऱ्याचा पाठ्यग्रंथ लिहिला. जेकबसन हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वतःच्याच पद्धतीवर इतकी निर्दयपणे तपासणी लादणारा माणूस विद्याक्षेत्रात क्वचित भेटतो. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह चार संशोधनांतील १४८ जोडप्यांची माहिती पुन्हा तपासली. सरासरी सुधारणा छान दिसत होती. पण सरासरीने संसार चालत नाही. प्रत्येक जोडपे वेगळे पाहिले तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक जोडपी सुधारली होती, आणि दोघेही खरोखर समाधानी गटात गेले अशी जोडपी एक तृतीयांशाहून थोडीच जास्त. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा बरे झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के जोडपी पुन्हा घसरली होती. वर्तन शिकवता येत होते; पण त्याच वर्तनाचा अर्थ घरात काय लावला जातो, तो हातातून निसटत होता. नवरा चहा आणून देतो आणि बायकोच्या मनात येते, ‘समुपदेशकांनी सांगितले म्हणून आणला, एरवी कशाला आणेल?’ चहा तोच, पण कडू.

हा अर्थ लावण्याचा प्रांत एरन बेक यांचा. १९२१ साली जन्मलेले, फिलाडेल्फियाला काम करणारे आणि २०२१ साली शंभरी पूर्ण करून गेलेले हे मनोविकारतज्ज्ञ मूळचे मनोविश्लेषक. एक रुग्ण त्यांच्यावर रागाने टीका करीत होता. आता कसे वाटते आहे, असे विचारल्यावर तो म्हणाला, अपराधी वाटते आहे. तेव्हा बेक यांच्या ध्यानात आले की तोंडाने राग व्यक्त होत असताना मनात दुसरा एक प्रवाह चालू होता, त्यात तो स्वतःलाच दोष देत होता, आणि विचारले नसते तर तो प्रवाह कधीच कळला नसता. या झटकन येऊन जाणाऱ्या, सत्य म्हणून स्वीकारल्या जाणाऱ्या विचारांना त्यांनी स्वयंचलित विचार म्हटले. ते कागदावर उतरवायचे आणि पुराव्याच्या कसोटीला लावायचे, ही बेक यांची पद्धत. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीतले रकाने येथून आलेले आहेत.

१९८८ साली बेक यांनी जोडप्यांसाठी पुस्तक लिहिले : ‘लव्ह इज नेव्हर इनफ’. त्यातील मला सर्वांत मार्मिक वाटलेले निरीक्षण असे की प्रेमात पडताना जो गुण मोहक वाटतो, तोच पुढे दोष म्हणून समोर येतो. मनमोकळा माणूस काही वर्षांनी बेजबाबदार वाटू लागतो, गंभीर माणूस रुक्ष, काटकसरी माणूस कंजूष. माणूस बदललेला नसतो, त्याच्याकडे पाहण्याची चौकट उलटलेली असते. आणि एकदा ती उलटली की मन फक्त तिला पोषक असेच पुरावे गोळा करते. दुसरे निरीक्षण मन वाचण्याविषयीचे. आपल्याला जोडीदाराच्या मनातले कळते ही खात्री, आणि त्याला आपल्या मनातले न सांगता कळावे ही अपेक्षा. ‘सांगावं लागतं का हे?’ हा प्रश्न मराठी संसारात जितक्या वेळा विचारला गेला असेल, तितक्या वेळा दुसरा कोणताही नसेल. माझ्या घरीही तो माझ्याच तोंडून निघाला आहे, आणि ‘हो, सांगावं लागतं’ हे नवऱ्याचे उत्तर तेव्हा मला उद्धटपणाचे वाटले होते. पुस्तक वाचल्यावर ते साधे सत्य असल्याचे मान्य करावे लागले. (त्याला मी हे अजून सांगितलेले नाही.)

रॉय आयडेल्सन आणि नॉर्मन एपस्टाइन यांनी १९८२ साली संसाराला पोखरणाऱ्या समजुती मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली होती. त्यात पाच समजुती आहेत : मतभेद म्हणजे विनाश, न सांगता मन ओळखता आले पाहिजे, जोडीदार बदलूच शकत नाही, शय्यासुख परिपूर्णच हवे, आणि स्त्री-पुरुषांचे स्वभाव मुळातच वेगळे. एपस्टाइन आणि डोनाल्ड बॉकम यांनी १९९० साली वर्तन आणि विचार या दोन्ही धाग्यांना एकत्र विणणारा ग्रंथ लिहिला. आज दांपत्यांसाठीचा बोधात्मक वर्तनोपचार म्हणून जे ओळखले जाते, त्याचे हे मुख्य घडण-स्थळ. प्रत्यक्षात त्याचे स्वरूप साधे असते. दोघांना एकत्र आणि वेगवेगळे भेटणे. अलीकडचे एक भांडण घेऊन ते सिनेमाच्या रिळासारखे सावकाश फिरवणे. कोणत्या क्षणी कोणाच्या मनात काय आले ते थांबवून विचारणे. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने उत्तर न देता ऐकलेले परत सांगायचे, असा सराव. आणि घरी करायचा अभ्यास. भांडणाऱ्या दोघांपैकी प्रत्येकाला आपला विचार म्हणजे वस्तुस्थिती वाटत असते. तो विचार आहे, एवढे जरी कळले तरी आवाज अर्ध्यावर येतो.

पण येथेही गर्वाचे घर खाली होणे अटळ होते. वर्तनोपचाराला विचारांवरच्या कामाची जोड दिल्याने फळ लक्षणीय वाढत नाही, असे खुद्द बॉकम यांच्याच संशोधनातून दिसले. त्याहून मोठा धक्का डग्लस स्नायडर यांच्या अभ्यासाचा. त्यांनी जोडप्यांच्या एका गटाला वर्तनोपचार आणि दुसऱ्या गटाला जुन्या जखमांचा शोध घेणारा, अंतर्दृष्टीवर आधारित उपचार दिला. सुरुवातीला दोन्ही गट सारखेच सुधारले. चार वर्षांनी मात्र पहिल्या गटातील ३८ टक्के जोडप्यांचे घटस्फोट झाले होते, दुसऱ्या गटातील केवळ ३ टक्के जोडप्यांचे. जेकबसन यांनी जोरदार प्रतिवाद केला. स्नायडर ज्याला अंतर्दृष्टी म्हणतात त्यातील बरेचसे काम कुशल वर्तनोपचारक करतातच, आणि तुलनेसाठी घेतलेला वर्तनोपचार जुनाट होता, असे त्यांचे म्हणणे. वाद मिटला नाही. पण त्याच सुमारास अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांच्यासह जेकबसन आपली पद्धती नव्याने बांधू लागले होते.

त्यांच्या नव्या बांधणीचा मध्यवर्ती शब्द होता स्वीकार. काही भेद कधीच मिटत नाहीत. ते मिटवण्याच्या झटापटीनेच संसार मोडतो. दोघांनी त्या भेदाकडे ‘तुझा दोष’ म्हणून न पाहता ‘आपल्या दोघांची अडचण’ म्हणून पाहावे, तो एकमेकांच्या कुठल्या दुखऱ्या जागेतून येतो ते समजून घ्यावे. गंमत अशी की असा स्वीकार झाला की बदल पुष्कळदा न मागता येतो. सिॲटल आणि लॉस एंजेलिस येथील १३४ गंभीर बेबनावाच्या जोडप्यांवर ही पद्धती आणि जुनी पद्धती यांची तुलना झाली. जेकबसन ती पूर्ण झालेली पाहू शकले नाहीत. १९९९ साली वयाच्या पन्नाशीत हृदयविकाराने ते गेले. २०१० साली क्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले : नव्या पद्धतीतील ५० टक्के आणि जुन्या पद्धतीतील सुमारे ४६ टक्के जोडप्यांत लक्षणीय सुधारणा टिकून होती, दोन्हींत चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक जोडपी विभक्त झाली होती. म्हणजे सुरुवातीला नवी पद्धती पुढे दिसली तरी पाच वर्षांत अंतर पुसट झाले. आकडे प्रामाणिक आहेत म्हणून मला ते आवडतात. दोनांतून एक जोडपे सावरते. आपल्याकडे जाहिराती करणाऱ्या समुपदेशन केंद्रांनी हे वाक्य दारावर लावावे.

आता त्या वहीतल्या एटीएम कार्डाकडे येते. स्वीकार हा शब्द ऐकला की माझ्यासारख्या बाईचे कान टवकारतात. ‘जमवून घे’चेच हे सुशिक्षित रूप नाही ना? समाधानाची गोष्ट अशी की ही शंका मला येण्याच्या कितीतरी आधी जेकबसन यांना आली होती. १९८३ साली त्यांनी विवाहोपचारातील राजकारणावर एक निबंध लिहिला. उपचारक तटस्थ असू शकत नाही. विषम घरात तटस्थ राहणे म्हणजे बलवानाची बाजू घेणे, असा त्याचा रोख होता. १९९० साली क्रिस्टेन्सन यांनी ख्रिस्तोफर हेवी यांच्याबरोबर एक साधा पण नामी प्रयोग प्रसिद्ध केला. बायका मागे लागतात आणि नवरे गप्प बसतात, हे सर्वत्र दिसते. तो त्यांचा स्वभाव आहे की परिस्थिती? त्यांनी जोडप्यांना दोन विषयांवर बोलायला लावले, एक पत्नीला हवा असलेला बदल आणि एक पतीला हवा असलेला. पत्नीच्या विषयावर नेहमीचेच चित्र दिसले. पतीच्या विषयावर मात्र दोघांतला तो फरक जवळजवळ नाहीसा झाला. ज्याला बदल हवा असतो तो मागे लागतो. ज्याचे आहे त्यात भागते त्याला गप्प बसणे परवडते. घरातल्या बोलभांड बाईविषयी आपल्याकडे इतक्या म्हणी आहेत. गप्प राहणे ज्याच्या सोयीचे आहे त्याच्याविषयी एकही चटकन आठवत नाही.

शेवटची रेघ त्यांनी हिंसेपाशी ओढली. जेकबसन आणि जॉन गॉटमन यांनी पत्नीला मारहाण करणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला आणि १९९८ साली त्यावर पुस्तक लिहिले. मारहाण एकदा सुरू झाली की पत्नीच्या कोणत्याही वागण्याने ती थांबत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे तिने बोलण्याची रीत सुधारावी, विचार तपासावे, हे सांगणे नुसते निरुपयोगी नाही तर घातक. समुपदेशकासमोर तिने उच्चारलेले खरे वाक्य रात्री घरी तिच्या अंगावर येते. अशा ठिकाणी दोघांना समोरासमोर बसवून उपचार करू नयेत, हे या पद्धतीच्या प्रवर्तकांनीच लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे १९८४च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालये आली; त्यांनी आधी समेटाचा प्रयत्न करावा असे बंधन त्या कायद्यातच आहे, आणि त्यासाठी विवाह-समुपदेशक नेमलेले असतात. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानेही दंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देता येतो. पण त्या कायद्याच्या २००६च्या नियमांत एक फार शहाणी तरतूद आहे : समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन मांडता येणार नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून’ हे वाक्य त्या खोलीत अग्राह्य आहे. आणि हिंसेच्या व्याख्येत आर्थिक छळही येतो; स्त्रीला तिच्या हक्काच्या पैशांपासून वंचित ठेवणे हा त्याचाच प्रकार.

यानंतर मी त्या विद्यार्थिनीला बोलावले. वही घेऊनच ये म्हटले. दोघींनी मिळून ती पुन्हा वाचली. बेक यांची कसोटी अशी की पर्यायी विचार गोड असून चालत नाही, तो पुराव्याला उतरला पाहिजे. आणि विचार तपासल्यावर तो खराच निघाला तर विचार नव्हे, परिस्थिती बदलायची. ‘मला टाळतोच आहे’ हा विचार पुराव्याला उतरला नव्हता; त्यातला ‘च’ तिने आधीच काढला होता आणि त्या आठवड्यात भांडण झाले नव्हते, हेही खाली बारीक अक्षरात लिहिलेले होते. अशी पाच-सहा पाने निघाली. नवऱ्याच्या मौनाविषयीचे एक पान तर तिने त्याला वाचून दाखवले होते आणि तो बऱ्याच वर्षांनी तासभर बोलला होता. तो मारकुटा नव्हता. कार्डाचा विषय मात्र त्याने कधी काढला नव्हता, कारण काढायची त्याला गरज नव्हती.

कार्डाच्या पानाशी आल्यावर तिने पेन मागितले. तिसऱ्या रकान्यातले वाक्य खोडले, थोडा वेळ विचार केला आणि त्या जागी लिहिले : ‘पगार माझा आहे. कार्ड माझ्याचकडे असले पाहिजे.’ मग माझ्याकडे पाहून विचारले, “हा ‘च’ चालेल ना?” मी म्हटले, चालेल. पुढच्या सोमवारी तिने बँकेत जाऊन नव्या कार्डासाठी अर्ज दिला, आणि समुपदेशकांकडे पुढच्या बैठकीला नवऱ्यालाही बरोबर घेऊन गेली. वही नेली होती का, ते मी विचारले नाही.